डीलरने बदललेली जुनी स्पोर्ट्स कार: अस्सलपणा कसा तपासावा

सोलापूरच्या मुरारजी पेठेतील एका वाड्यामागच्या शेडमध्ये १९५२ सालची एम.जी. टी.डी. ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार उभी आहे. सध्याच्या मालकांचे आजोबा येथील एका कापडगिरणीत विव्हिंग मास्टर होते आणि त्यांनी ती मुंबईच्या एका डीलरकडून कोरी करकरीत घेतली होती. गेल्या उन्हाळ्यात एक दलाल आला. त्याने बॉनेट उघडून इंजिनावरच्या पितळी पट्टीवरील ‘टीडी२’ ही अक्षरे वाचली, शेजारचे दोन मोठे कार्बोरेटर पाहिले, मागचे सामानाचे कॅरियर पाहिले, आणि ही फॅक्टरीतून आलेली ‘मार्क टू’, म्हणजे टी.डी.ची जास्त ताकदीची आवृत्ती असून कॅरियरसुद्धा डीलरने बसवलेले आहे असे सांगून तो मोठी किंमत बोलून गेला. मालकांनी मला फोन केला. “काका, दलाल म्हणतोय गाडी फॅक्टरीतनंच अशी आली. आमचे वडील म्हणायचे, डीलरनं करून दिली. विकायचं की नाही ते नंतर बघू, आधी खरं काय ते तुम्ही बघून सांगा.”

अशा गाडीचा तपास कोणत्या क्रमाने करावा, ते पुढे लिहितो आहे. या एम.जी.चे उदाहरण वारंवार येईल, कारण तिच्यापाशी मी दोन सकाळी घालवल्या आहेत. पद्धत मात्र कोणत्याही जुन्या स्पोर्ट्स कारला लावता येते.

आधी प्रश्न नीट विचारावा

‘गाडी ओरिजिनल आहे का?’ हा प्रश्न सगळेच विचारतात आणि त्याचे सरळ उत्तर कोणालाच देता येत नाही. फॅक्टरीच्या दारातून गाडी जशी बाहेर पडली तशी ती आहे का, हा एक प्रश्न झाला. पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली पडली तेव्हा ती जशी होती तशी आहे का, हा दुसरा. या दोन दिवसांच्या मध्ये गाडी डीलरकडे असते, आणि तेथे तिच्यावर काय काय बसले याची सारी गोम या मधल्या काळात आहे. म्हणून संपूर्ण गाडीबद्दल न विचारता एकेका वस्तूबद्दल विचारावे: ही वस्तू गाडीवर कधी आली, कोणी बसवली आणि हे कशावरून म्हणायचे? उत्तर चारपैकी एक असते. ती फॅक्टरीत जुळणीच्या वेळी आली, डीलरकडे विक्रीच्या सुमारास आली, पुढे एखाद्या मालकाने बसवली, किंवा अलीकडे गाडी नव्याने उभी करताना कोणीतरी ‘असायला हवी’ म्हणून आणून लावली.

यांतील दुसरे उत्तर सर्वांत निसरडे आहे. इंग्लंडमध्ये गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम ज्या गाड्यांच्या जुन्या नोंदवह्या आपल्याकडे आहेत त्यांना हेरिटेज सर्टिफिकेट देते. त्यात रंग, गाडी कोणत्या देशाला पाठवली, फॅक्टरीने कोणते जादा सामान बसवले, असा तपशील मिळतो. परंतु ती वही फॅक्टरीच्या दारापर्यंतच चालते. डीलरच्या मागच्या गॅरेजात मिस्त्रीने काय केले हे तीत असणे शक्य नाही. त्यामुळे ‘डीलरने बसवले आहे’ हे विधान खोडून काढील असा सरकारी किंवा कंपनीचा कागद बहुधा कोठेच नसतो, आणि नेमके म्हणूनच विकणाऱ्यांना ते फार आवडते. माझा नियम सोपा आहे: पुरावा हाती येईपर्यंत ‘डीलरचे’ म्हणून सांगितलेली प्रत्येक वस्तू ‘नंतरची’ या रकान्यात लिहायची. हा नियम काही गाड्यांवर अन्याय करतो याची मला कल्पना आहे. पण उलट दिशेने चूक केली, तर पैसे घेणाऱ्याचे जातात.

परदेशातील गाड्यांनी शिकवलेले

डीलरच्या बदलांचा प्रश्न अमेरिकेत फार गाजला, कारण तेथे १९६०च्या दशकात काही डीलर स्वतःच गाड्या घडवू लागले होते. जनरल मोटर्सने त्या काळी आपल्या शेव्हरले कमारोसारख्या गाड्यांत ४०० घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असा दंडक स्वतःलाच घालून घेतला होता. पेनसिल्व्हेनियातील कॅनन्सबर्ग येथील शेव्हरले डीलर डॉन येन्को याने १९६७ आणि १९६८ मध्ये ३९६ घनइंची इंजिनाच्या कमारो मागवून त्यांत आपल्याकडे ४२७ घनइंची, म्हणजे सुमारे सात लिटरची, इंजिने बसवून विकली. १९६९ मध्ये त्याने ‘सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर’ या खास मागणीच्या मार्गाने तेच ४२७ इंजिन थेट फॅक्टरीतूनच बसवून घेतले.

आता आपल्याकडचा गिऱ्हाईक आर.सी. बुक हातात घेऊन पहिल्यांदा काय पाहतो? इंजिन नंबर जुळतो का. १९६९च्या येन्को कमारोला हा निकष लागू पडतो, पण १९६७च्या गाडीत फॅक्टरीने बसवलेले इंजिनच आजही असेल, तर ती येन्कोने बदललेली गाडी नव्हे! एकाच डीलरच्या, एकाच नावाच्या दोन गाड्या, आणि नंबर जुळणे हा एकीत पुरावा, तर दुसरीत संशयाचे कारण. निकष वापरण्याआधी त्या सालच्या त्या गाडीला काय लागू होते हे शोधावे लागते, ते यासाठी.

ऑस्टिन-हीली १००एम या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची गोष्ट आपल्या कामाला अधिक जवळची आहे. १९५५-५६ मध्ये अशा ६४० गाड्या फॅक्टरीच्या मॉडेल म्हणून बाहेर पडल्या. त्यांत मोठे कार्बोरेटर, वेगळा कॅमशाफ्ट, झरोक्यांचे बॉनेट आणि त्यावर चामड्याचा पट्टा होता. परंतु यातील बराचसा भाग ‘ल मॉ किट’ म्हणून सुटाही मिळत असे आणि डीलर तो साध्या हीलीवर बसवून देत. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. फरक इंजिनाच्या पोटात आहे: १००एममध्ये ८.१ कॉम्प्रेशनचे पिस्टन होते, त्यामुळे तिची ताकद सुमारे ११० अश्वशक्ती धरली जाते, तर नुसते किट बसवलेली गाडी १००च्या आसपास राहते. तेव्हा बॉनेटच्या पट्ट्यावर भुलून जाऊ नये. डीलरने १९५५ मध्ये किट बसवलेली हीली ही मुळीच खोटी गाडी नाही. ती १००एम म्हणून विकली तर खोटी होते.

मिशिगनमधील रॉयल पाँटियाक हा डीलर ‘रॉयल बॉबकॅट’ नावाचे ट्यूनिंगचे सामान गाड्यांवर बसवीत असे आणि तेच सामान टपालानेही विकत असे. म्हणजे एखाद्या जुन्या पाँटियाकवर ते सामान निघाले, तरी गाडी त्या डीलरच्या दारातून गेली होती असे म्हणता येत नाही. कोणीही पैसे पाठवून ते घरी मागवले असेल. वस्तू खरी असणे आणि तिची कहाणी खरी असणे, या दोन गोष्टी अलगच तपासाव्या लागतात. सनबीम टायगरच्या बाबतीत तर कहाणी सांगणाऱ्यांनी त्याच कंपनीच्या साध्या अल्पाइन गाडीत फोर्डचे व्ही-८ इंजिन घालून टायगर बनवण्यापर्यंत मजल मारली, आणि अखेरीस तेथील मालकांच्या संघटनेला बॉडी प्रत्यक्ष तपासून दाखला देणारी समिती नेमावी लागली.

गाडीपाशी काय पाहावे

जाताना टॉर्च, काडीला लावलेला लहान आरसा, व्हर्निअर, आट्यांचे गेज, खडू आणि फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक घेऊन जावे. सोलापुरात हे काम सकाळी लवकर उरकावे, कारण एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली दहानंतर उभे राहवत नाही आणि घामाने वैतागलेला माणूस नेमके पाहायचे ते पाहत नाही. मालकांना आदल्या दिवशी एकच विनंती करावी: आम्ही येणार म्हणून गाडी धुऊ नका. जुनी धूळ, तेलाचा थर आणि गंजाचा डाग हे साक्षीदार असतात, आणि आपल्याकडे पाहुणे येणार म्हटले की साक्षीदारांवर आधी पाण्याची नळी सोडतात.

पहिल्यांदा नंबर घ्यावेत. टी.डी.च्या इंजिनाचा नंबर एका अष्टकोनी पितळी पट्टीवर असतो आणि ती पट्टी इंजिनाच्या ब्लॉकला रिवेटने बसवलेली असते. चेसिसचा नंबर पुढच्या टोकाला ठोकलेला असतो आणि पाटीवरही असतो. दलालाने वाचलेली ‘एक्सपीएजी/टीडी२’ ही अक्षरे खरीच होती, पण त्यांचा अर्थ त्याने आपल्या सोयीने लावला होता. टी.डी.च्या इंजिनात पुढे सव्वासात इंचीऐवजी आठ इंची क्लच आला, तेव्हापासून साध्या गाड्यांच्या इंजिनांना टीडी२ हे अक्षरचिन्ह मिळाले. मार्क टूशी त्याचा काहीही संबंध नाही. खऱ्या मार्क टूच्या इंजिनावर टीडी३ असते आणि तिच्या चेसिसचा नंबर ‘टीडी/सी’ने सुरू होतो. आमच्या गाडीच्या चेसिसवर नुसते ‘टीडी’ होते. पट्टी रिवेटची असल्यामुळे ती बदलणे सोपे असते, म्हणून रिवेटची डोकी आरशात पाहावीत: जुन्या रिवेटभोवती तेल-धुळीचे अखंड कडे असते, आणि नव्या रिवेटभोवती पितळ ओरखडलेले दिसते. चेसिसवर ठोकलेल्या अक्षरांवर रंगाचे किती थर आहेत आणि भोवती घासल्याच्या खुणा आहेत का, हेही बोटाने चाचपून बघावे.

नंबरांनी मार्क टूचा दावा निकालात निघाला होता, तरी मी थांबलो नाही, कारण पट्टीपेक्षा गाडीच्या अंगावरचा पुरावा मला जास्त भरवशाचा वाटतो. मार्क टूला दोन पेट्रोल पंप असतात. येथे एकच होता, आणि दुसऱ्याची भोकेही नव्हती. मार्क टूला नेहमीच्या हायड्रॉलिक शॉक अॅब्सॉर्बरखेरीज अँड्रेक्स कंपनीचे घर्षणाचे जादा डँपर असतात. त्यांचाही मागमूस नव्हता. शेवटी आम्ही मागचे एक चाक जमिनीवरच राहू देऊन दुसरे जॅकवर उचलले, प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर, खडूची रेघ मारली, गिअर न्यूट्रलला ठेवला आणि उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवले. एक चाक स्थिर असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे डिफरन्शियलचा (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या यंत्रणेचा) एक फेरा. तेवढ्यात शाफ्ट जितका फिरेल, तो गुणोत्तराचा आकडा. साध्या टी.डी.चे गुणोत्तर ५.१२५ आहे, मार्क टूचे ४.८७५. म्हणजे रेघ पाच फेऱ्यांच्या पुढे आठवा भाग गेली तर साधी गाडी, पाच फेरे पुरे व्हायला आठवा भाग कमी पडला तर मार्क टूचा डिफरन्शियल. रेघ पुढे गेली. मालकांचा मुलगा गाडीखाली आडवा पडून फेरे मोजत होता आणि त्याने तीनदा मोजून घेतले; हा सूर्य आणि हा जयद्रथ!

राहिले कार्बोरेटर. साध्या टी.डी.ला सव्वा इंची एस.यू. कार्बोरेटरची जोडी असते, मार्क टूला दीड इंची. एअर क्लीनर काढून तोंडाचा व्यास व्हर्निअरने मोजला: ३१.७५ मिलिमीटर आला तर सव्वा इंच, ३८.१ आला तर दीड. आमचे दीड इंची निघाले. मोठे कार्बोरेटर तर आहेत, पण गाडी मार्क टू नाही. मग ते आणले कोणी? एम.जी. कंपनी या इंजिनाला टप्प्याटप्प्याने ताकद वाढवण्याच्या कृती आणि भाग पुरवीत असे, त्यामुळे डीलरने ते बसवले असणे शक्य होते आणि १९७५ साली कोणा हौशी माणसाने बसवले असणेही तितकेच शक्य होते. हे ठरवायला बारीक पुरावे लागतात.

पहिला पुरावा आट्यांचा. या इंजिनाचा वंश फ्रेंच हॉचकिस कंपनीच्या कॉव्हेंट्रीतील कारखान्यापर्यंत जातो, म्हणून त्यात मेट्रिक आटे आहेत, पण बोल्टच्या डोक्यांना व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचा, पाना लागतो. शिवाय ८ मिलिमीटरच्या बोल्टला १ मिलिमीटरचा पिच (दोन आट्यांमधले अंतर) आहे, आज बाजारात सहज मिळतो तो १.२५चा नव्हे. कार्बोरेटर ज्यावर बसतो त्या मॅनिफोल्डपाशी १३ मिलिमीटरचा पाना नीट बसू लागला आणि गेजवर १.२५ आले, तर कोणीतरी नंतर टॅप मारून नवे आटे पाडले आहेत असे समजावे. दुसरा पुरावा स्क्रूंचा. फिलिप्सचा चौफुलीचा स्क्रू जुना आहे, परंतु चौफुलीच्या चार हातांच्या मध्ये बारीक तिरक्या रेघा असलेला पोझिड्राइव्ह स्क्रू १९६०च्या दशकातला आहे. तो ‘१९५२ साली डीलरने बसवलेल्या’ वस्तूला धरून बसला असेल, तर निदान ती वस्तू मधे एकदा उघडली गेली आहे. तिसरा, तारखांचा. लुकास कंपनीच्या डायनॅमो, स्टार्टर, दिवे यांवर महिना आणि वर्ष ठोकलेले असते. भागाची तारीख विक्रीच्या तारखेच्या आधीचीच हवी, आणि ती फार आधीचीही नको. वायरी कापडी वेष्टणाच्या आहेत की प्लास्टिकच्या, हेही पाहावे, मात्र वायरींवर फार भिस्त ठेवू नये. सत्तर वर्षांत कोणत्या गाडीची वायर उंदरांनी सोडली आहे?

सर्वांत बोलका पुरावा रंगाचा असतो आणि तो भोकांच्या कडेला सापडतो. फॅक्टरीतील भोके रंगाआधी पाडलेली असतात, त्यामुळे रंग भोकाच्या आतल्या कडेवरून उतरलेला दिसतो. डीलरने किंवा मालकाने पाडलेल्या भोकाची कड उघड्या पत्र्याची असते आणि गंजाची सुरुवात तेथूनच होते. डीलर आणि मालक यांतील फरक भोकावरून कळत नाही, थरांवरून कळतो. आमच्या गाडीचा मूळ रंग हिरवा, आणि पुढे एकदा ती लाल केलेली. कॅरियरचा मागचा डावा पाय आम्ही अर्धा इंच सैल केला आणि टॉर्च आत मारला. पायाखाली लाल रंग होता, त्यावर पायाचा दाब उमटला होता. डीलरने १९५२ साली कॅरियर बसवले असते, तर पायाखाली हिरवा राहिला असता आणि लाल रंग पायाच्या कडेला येऊन थांबला असता. अर्थात, रंग देताना कॅरियर काढून पुन्हा लावले असणे शक्य आहे, म्हणून या पुराव्याला दुसऱ्याची जोड हवी. ती कागदांत मिळाली.

दोन गोष्टी चटकन सांगून टाकतो. टी.डी.ला फॅक्टरीतून तारांची चाके मिळत नव्हती, तेव्हा तशी चाके दिसली की ती नंतर आली एवढे निश्चित. आणि पत्र्याखालचा लाकडी सांगाडा मुळात अॅश लाकडाचा असतो. आपल्या कोरड्या हवेत तो आकसतो आणि सुतार त्याजागी सागवान घालतात. ती दुरुस्ती आहे, बदल नव्हे; नोंद करावी आणि पुढे जावे.

कागदाची परीक्षा

घरातली जुनी ट्रंक, विम्याच्या पॉलिसी, सर्व्हिसची पुस्तिका आणि फोटोंचे आल्बम, हे सारे मालकांसमोर बसून एकेक करून पाहावे. डीलरचे बिल सापडले, तरी त्यावर गाडीचा चेसिस नंबर किंवा रजिस्ट्रेशन नंबर आहे का, तारीख विक्रीच्या आसपासची आहे का आणि वस्तूचे वर्णन आत्ताच्या वस्तूशी जुळते का, हे तिन्ही पाहावे. ‘कार्बोरेटर, एक जोडी’ एवढेच लिहिलेले, गाडीचा उल्लेख नसलेले बिल कोणत्याही गाडीला चिकटवता येते.

जुन्या कागदाच्या नावाखाली नवा कागद पुढे आला, तर तो ओळखायला आपल्या देशाचा इतिहास फार उपयोगी पडतो. १ एप्रिल १९५७ पूर्वीच्या बिलात रुपये, आणे आणि पै असतात. १९५२च्या बिलात रुपयाचे शंभर पैसे धरून बेरीज केलेली दिसली, की कागद मिटून परत द्यावा. लेटरहेडवर ‘महाराष्ट्र’ असेल तर ते १९६० नंतरचे, आणि सहा आकडी पिन कोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. डॅशबोर्डवरील डीलरच्या नावाची चकचकीत पाटी हा मी पुरावा मानतच नाही, कारण अशा पाट्या नव्याने करून मिळतात.

फोटो मात्र मौल्यवान असतात. वाड्यातील आल्बममध्ये गड्ड्याच्या यात्रेतला एक फोटो निघाला: होम मैदानाच्या कडेला गाडी पाठमोरी उभी, नंबर प्लेट वाचता येते, आणि मागच्या पत्र्यावर कॅरियर नाही. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का आणि शाईने ‘संक्रांत १९५४’. रंगाच्या थरांना ही साक्ष मिळाल्यावर कॅरियर डीलरचे नाही, हे ठरले. कार्बोरेटरचे बिल आणखी दोन तासांनी विम्याच्या पहिल्या पॉलिसीच्या घडीत सापडले. रक्कम रुपये-आण्यांत, चेसिस नंबर लिहिलेला, तारीख गाडीच्या विक्रीनंतर तीन आठवड्यांची, आणि मोठ्या कार्बोरेटरची जोडी पुरवून बसवून दिल्याची ओळ. वडील म्हणत होते ते खरे होते. माझ्या नियमाप्रमाणे तोवर ‘नंतरचे’ या रकान्यात असलेले कार्बोरेटर मी खोडून ‘डीलर’च्या रकान्यात घेतले.

येथे माझीच एक चूक सांगायला हवी. पंचवीस वर्षांपूर्वी मामांची फियाट ११०० नीट करताना तिच्या काचेवरचे बाहेरचे सन व्हायझर ‘फॅक्टरीचे नाही’ म्हणून मी काढले आणि भंगारवाल्याला दिले. नंतर मामींनी दिवाळीच्या आवराआवरीत एक पिवळे पडलेले बिल माझ्यापुढे ठेवले. व्हायझर डीलरने गाडी देतानाच बसवले होते. मामा काही बोलले नाहीत, पण ती गाडी ते पुन्हा माझ्याकडे घेऊन आले नाहीत.

काढायचे, ठेवायचे आणि काय म्हणून सांगायचे

डीलरने बसवलेली आणि कागदाने सिद्ध झालेली वस्तू माझ्या मते काढू नये. ती काढून गाडी ‘फॅक्टरीसारखी’ करणे म्हणजे जी गाडी रस्त्यावर कधी आलीच नव्हती ती बनवणे होय. स्पर्धांचे नियम याहून वेगळे असू शकतात. अमेरिकेतील नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटी ही १९७४ पासूनची संस्था गाडी फॅक्टरीत तयार झाली तेव्हा जशी होती, त्या मापाने गुण देते. तेथे डीलरने वाढवलेल्या सामानाचे गुण जातात. स्पर्धेत उतरणाऱ्याने ते मान्य करून उतरावे. अगदीच काढायचे ठरले, तर प्रत्येक भाग, त्याचे स्क्रू आणि वायसर यांसह, तेल लावून कापडात बांधावा आणि वर चिठ्ठी लावून गाडीबरोबरच ठेवावा.

आपल्याकडे आरटीओचा भागही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आर.सी.तील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. त्यांनुसार पन्नास वर्षांहून जुने आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल न झालेले वाहन व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये पडतात, आणि आधीपासून नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. सोलापूरच्या कार्यालयात, म्हणजे एमएच-१३ मध्ये, अर्ज नेताना डीलरच्या बदलांची बिले मागितली नाहीत तरी सोबत ठेवावीत. अधिकाऱ्याला मोठे कार्बोरेटर दिसले आणि तुमच्याकडे १९५२चे बिल असले, तर समजावून सांगणे सोपे जाते. इंजिनच बदललेले असेल, तर मात्र बिल कितीही जुने असो, आधी चौकशी करून मगच अर्ज करावा.

विकताना ‘ओरिजिनल’ हा शब्द जाहिरातीत वापरूच नये. ‘डीलरने बसवलेले, बिल आहे’, ‘डीलरने बसवल्याचे घरचे सांगतात, कागद नाही’ आणि ‘नंतरचे’, अशी तीनच वाक्ये पुरतात. घेणाऱ्यानेही किंमत याच पायऱ्यांनी बोलावी: बिल असलेल्या वस्तूचे पैसे द्यावेत, नुसत्या आठवणीचे देऊ नयेत, आणि नंतरची वस्तू चांगली असेल तर तिची किंमत वस्तू म्हणून द्यावी, इतिहास म्हणून नव्हे. दलालाला आम्ही हे सगळे सांगितले तेव्हा त्याने लगेच किंमत खाली आणली आणि मालकांनी त्याला चहा पाजून वाटेला लावले.

शेवटचे काम नोंदीचे. एका कागदावर प्रत्येक वस्तू, चारपैकी तिचा रकाना, पुरावा आणि तपासाची तारीख लिहून, बिलांच्या झेरॉक्स जोडून, त्याची एक प्रत गाडीत आणि एक घरात ठेवावी. आम्ही ती यादी ओसरीवर बसून लिहीत होतो. कॅरियरपाशी ‘नंतरचे, १९५४ नंतर, कोणी ते माहीत नाही’ असे मी लिहिले, तेव्हा मालकांच्या आई आतून आल्या, चष्मा लावून त्यांनी ओळ वाचली आणि म्हणाल्या, “माहीत कसं नाही? मी लग्न होऊन आले त्या साली सासऱ्यांनी अशोक चौकातनं करून आणलं. तुळजापूरला जाताना माझी ट्रंक बसंना म्हणून.” लग्नाचे साल त्यांनी १९६१ सांगितले. मी ती ओळ खोडली आणि कॅरियर ‘मालक’ या रकान्यात, ‘१९६१, सुनेच्या ट्रंकेसाठी, तोंडी माहिती’ असे लिहून त्यांची सही घेतली.